कुंकू लावलेली मोटार

मामा स्वतः मोटारीत बसत नसत, आणि लष्करातल्या कितीतरी मोटारी त्यांनीच लोकांना घेऊन दिल्या. लष्कर म्हणजे फौज नव्हे बरं का. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली, महाराज बाड्याभोवती पसरलेलं आमचं शहर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या पुण्याच्या साडूनं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मामा तोफखान्यात होते असं तो शेवटपर्यंत धरून चालला होता.

ते माझे मामा नव्हते. खरं तर कुणाचेच नव्हते, कारण त्यांना बहीणच नव्हती. पण पाटणकर बाजारामागच्या आमच्या गल्लीत लग्न निघालं आणि मुलीला किंवा मुलाला मामा नसला, की हे धुवट उपरणं टाकून अंतरपाटामागे उभे राहत. अशा उसन्या मामेपणात त्यांचं नावच लोक विसरले. एका सरदाराच्या बग्घीखान्यात त्यांनी उभी हयात कारकुनी केली होती. बग्घ्या गेल्या, मोटारी आल्या, तेव्हा सरदारांनी त्यांना पेन्शन दिली आणि मामांनी ती अशा चेहऱ्यानं घेतली, जणू मोटारीची किंमत त्यांच्याच पगारातून कापली होती.

बाजारात जाताना त्यांच्या एका काखेत छत्री असे आणि दुसऱ्या काखेत गुंडाळलेली लहानशी सतरंजी. दुकानदाराच्या खुर्चीवर ते कधी बसत नसत. "खुर्चीवर बसलास की पाहुणा झालास. पाहुण्यानं भांडायचं नसतं," म्हणत. म्हणून दुकानाच्या ऐन दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होईल अशा बेतानं, ते आपली सतरंजी अंथरत. चहा घेत नसत. पाणी मात्र पुन्हा पुन्हा मागत. "पाण्याला मिंधेपण नाही, आणि दुकानातला नोकर सारखा उठतो. मालक एकटा पडतो."

त्यांची सौदा करायची रीत मला अजूनही पुरती उलगडलेली नाही. मुळात ते भाव करतच नसत. दुकानदारानं मोटारीची किंमत सांगितली की मामा मान डोलवत आणि म्हणत, "मान्य." दुकानदार चपापे. घासाघीस होणार म्हणून त्यानं चार पैसे चढवून ठेवलेले असत, पण वाटाघाट करायला समोर कुणी नाही! तो सावरतो न सावरतो तोच मामा विचारत, "आता वरचं काय ते सांगा."

खरी लढाई या 'वरच्या'शी. गाडी मुंबईहून आणल्याचा खर्च, तपासणी, पॉलिश, भोंगा बसवणावळ, कागद करण्याची फी आणि शेवटी नुसताच 'दुकानाचा दस्तूर'. मामा याला शेपटं म्हणत. "घोड्याची किंमत द्यावी. शेपटाची निराळी कोण देतो? शेपूट त्याच्याबरोबर येतंच."

एका वकिलांची गाडी घेताना मी बरोबर होतो. बी.ए. झालेला आणि नोकरी नसलेला माणूस गल्लीत सगळ्यांच्याच बरोबर असतो. इंग्रजीतलं काही वाचायचं निघालं तर असावा म्हणून मला नेलं होतं. तसं काही निघालं नाही.

"तपासणीची फी कसली?" मामांनी विचारलं.

"गाडीचा पुर्जा न् पुर्जा तपासून देतो ना, साहेब."

"आणि फी नसती दिली, तर बिघडलेली दिली असतीत?"

दुकानदार हसला. मामा हसले नाहीत. "तपासली कुणी? बोलवा त्याला."

मागच्या शेडमधून हात पुसत एक मिस्त्री आला. मामांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं, आणि वकिलांना सांगून तपासणीची फी सरळ त्याच्या हातावर ठेवली. मिस्त्री बावरून मालकाकडे बघायला लागला. मालक छताकडे.

"आता पॉलिशवाला," मामा म्हणाले.

पॉलिशवाला कुणी नव्हताच. गाडी मुंबईहूनच चकचकीत आली होती. मग पॉलिश कटलं. दस्तुराला तर हातपायच नव्हते. दुकानदार फारच हटून बसला की मामा न बोलता सतरंजी गुंडाळू लागत. अगदी सावकाश, एक एक घडी. ती घडी पुरी व्हायच्या आत बहुतेक दुकानदार नरम येत. "गिऱ्हाइकाजवळ हत्यार एकच," मामा मला सांगत, "उठून जाणं. बाकी सगळा नुसता आवाज."

हाच माणूस भाजी घेताना मात्र तोंडातून शब्द काढत नसे. माळीण सांगेल तो भाव. मला याचं भारी कुतूहल होतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "ती समोर बसलीय की. बोलवायचं कुणाला?"

मोटारीत न बसण्याचं कारणही मी अनेकदा विचारलं. एकदा म्हणाले, पेट्रोलच्या वासानं पित्त होतं. एकदा म्हणाले, पत्रिकेत आहे. आणि एकदा, बाड्यावर टांग्याची वाट बघताना, समोरच्या घोड्याकडे पाहत म्हणाले, "हा बघ. चढलास की मान वळवून बघतो, कोण बसलं म्हणून. उतरलास की पुन्हा बघतो. मोटारीला मान नाही रे. कोण आलं, कोण गेलं, तिला पत्ता नाही. अशा वाहनात कसं बसायचं?"

आता आमच्या घरची गोष्ट.

आम्ही शिलेदार. आजोबा घोड्यावर, वडील घोड्यावर, आणि दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, घोड्यावर बसायच्या वयात आले तेव्हा पागाच मोडली. दोनतीन ठिकाणी हात मारून झाल्यावर त्यांनी लष्कर ते शिवपुरी उतारूंची मोटार चालवायचं ठरवलं. दरबारचा परवाना मिळाला, पण अट होती. दसऱ्याच्या आत गाडी कचेरीसमोर आणून दाखवायची, नाहीतर परवाना दुसऱ्या अर्जदाराला. पैशाची जुळवाजुळव झाली ती गाडीच्या किमतीपुरती. वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र आणि तिच्या आईनं दिलेली बोरमाळ तेवढी राहिली. बाकी सगळं सोनारावाटे गाडीत गेलं.

"माझे दागिने मोडून सवत आणताय," वहिनी म्हणाली. हसत म्हणाली, पण दादांनी मान वर केली नाही.

किंमत दादांनी आधीच ठरवून ठेवली होती; 'वरचं' मोडून काढायला मामांबरोबर बुधवारी जायचं होतं. मंगळवारी आई म्हणाली, "नुसती बघून तर येऊ. जरा नजरेखालून घालते. कोण काय म्हणतंय?" म्हणून आई, वहिनी, दादा आणि मी टांग्यानं स्टेशनाकडच्या रस्त्यावर सेठजींच्या दुकानात गेलो. सेठजींचे वडील याच जागेत घोड्यांचं जीनसामान विकत. सेठजी मोटारी विकत, आणि वरच्या मजल्यावर राहत.

गाडी हिरवी होती. काळा कापडी टप, पितळी दिवे, आणि समोरून बघितली तर जरा रागावल्यासारखी. मी तिच्यावरची इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली. कुणी ऐकत नव्हतं. आई गाडीभोवती फिरली, दोन चाकांना हात लावून बघितला आणि मग कमरेची चंची सोडली.

काय होतंय ते कळेपर्यंत बॉनेटवर कुंकवाचा टिळा लागला होता. तिनं मूठभर हरभरे पुढच्या चाकाशी ठेवले आणि दोन्ही हातांनी अलाबला घेऊन बोटं मोडली. आमच्या घरात नवा घोडा आला की असंच करत. आणि आमच्याकडची रीत अशी, की घरच्या बाईनं कुंकू लावलेला घोडा परत जात नाही. लंगडा निघो, आंधळा निघो, तो आपला. आजोबांनी म्हणे असाच एक बहिरा घोडा जन्मभर पोसला होता आणि त्याच्याशी ओरडून बोलत.

सेठजींनी जीनविक्याच्या पेढीवर लहानपण काढलेलं. त्यांना ही रीत आमच्याइतकीच पाठ होती. ते गालातल्या गालात हसले, नमस्कार केला आणि मुनीमाला हाक मारली. मुनीमानं एक कागद आणला.

मुंबईहून आणणं. तपासणी. पॉलिश. भोंगा आणि दिव्यांची बसवणावळ. कागद. दस्तूर.

"पण सौदा तर ठरलेला..." दादा म्हणाले.

"सौदा गाड़ी का, बाबूजी. ये तो ऊपर का है," सेठजी म्हणाले. "और अब तो माताजी ने टीका भी कर दिया. गाड़ी तो आपकी हो गई."

वहिनीचा हात आपसूक बोरमाळेवर गेला. मी पाहिलं, आणि सेठजींनीही पाहिलं.

घरी आल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून निजले. आई देवापाशी बसली. मामांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

मामा ओसरीवर सुपारी कातरत होते. ऐकता ऐकता अडकित्ता थांबला. "कुंकू लावलं? अरे, मी तुम्हाला काय शिकवलं? उठून जाणं! आणि तुम्ही पायच कापून दिलेत की त्याच्या हातात!" मला त्यांनी ग्वाल्हेरी हिंदीत दोन शिव्याही दिल्या, त्या इथे लिहीत नाही. मग चप्पल घालून आमच्याकडे आले आणि आईला विचारलं, "वहिनी, नुसतंच कुंकू लावलंत, की ओटीपण भरलीत?"

आईचे डोळे सुजले होते. "ओटी कशी भरणार, भाऊजी? गाडीला पदर कुठं आहे?"

"मग अर्धंच झालंय काम," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "फिकीर करू नका. उद्या पुरं करू."

बुधवारी निघालेली वरात मी जन्मात विसरणार नाही. पुढे मामा, डोक्यावर पगडी, काखेत सतरंजी. मागे एक सनईवाला, जो मामांच्या ओळखीवर फुकट आला होता आणि तसंच वाजवत होता. त्याच्या मागे वहिनी धरून गल्लीतल्या पाच सुवासिनी, नऊवारी नेसून, नथा घालून, हातात खण-नारळ-तांदळाची ताटं. त्यांच्यामागे मान खाली घालून दादा. सगळ्यांत शेवटी मी. कुणी ओळखीचं भेटलं तर 'मी यांच्यातला नाही' असं दाखवता यावं इतकं अंतर ठेवून. दुकानापर्यंत पोचेतो अर्धा रस्ता आमच्या मागे लागला होता.

मामांनी दारात सतरंजी अंथरली, पण बसले नाहीत. सरळ आत जाऊन सेठजींना कडकडून मिठी मारली.

"राम राम, व्याहीबुवा!"

"ये क्या है, मामाजी?" सेठजी मिठीतून बोलले.

"मुलगी आमच्या घरच्या बाईनं काल पसंत केली. कुंकू लावलं. तुम्ही समोर उभे होतात, तुम्ही होय म्हणालात. आता पाठवणीचं बोलू. काय तयारी तुमची?"

बाहेर हशा पिकला. सेठजींना अजून नीट उमगलं नव्हतं. त्यांनी मुनीमाला कागद आणायला सांगितलं, आणि तिथेच ते सापडले.

"मुंबईहून आणण्याचा खर्च," मामांनी मला वाचायला लावलं. माझ्या बी.ए.चा एवढाच उपयोग. "व्याहीबुवा, मुलीला लहानाची मोठी करायला खर्च येतो, कबूल. तो मुलाकडून कुणी मागितलेला ऐकलाय?"

"पर मामाजी..."

"पॉलिश. मुलीला न्हाऊमाखू घालून नटवायचं कुणी? आम्ही? भोंगा, दिवे. म्हणजे अंगावरचे दागिने उतरवून लेक सासरी धाडणार होतात होय? एवढ्या मोठ्या पेढीची इज्जत काय राहील बाजारात?"

लोक खिडक्यांना लटकून ऐकत होते. मी हुंड्याविरुद्ध कॉलेजच्या सभेत भाषण करून बक्षीस मिळवलेला माणूस. पण खरं सांगतो, त्या दिवशी मुलाकडचा म्हणून माझीही मान ताठ झाली आणि रांगेत अंतर ठेवून आलेला मी मामांना खेटून उभा राहिलो.

सेठजी आता लाल झाले होते. "देखिए मामाजी, हमारे यहाँ गाड़ी बेटी नहीं होती. गाड़ी माल है!"

मामांचा आवाज एकदम खाली आला. इतका, की सनईवाल्यानंही सनई थांबवली. "माल आहे? मग काल टिळा लावताना का नाही अडवलंत? म्हणायचं होतं, माताजी, हा माल आहे, अजून सौदा पुरा व्हायचाय. तुम्ही हसलात. आणि मग कागद काढलात. सेठजी, ज्या कुंकवाच्या जोरावर तुम्ही तो कागद काढला, त्याच कुंकवाच्या जोरावर मी ही सतरंजी टाकलीय. कुंकू पुसा, मी उठून जातो. नाहीतर कागद फाडा."

सेठजींनी बॉनेटकडे पाहिलं. कालचा टिळा वाळून थोडा तडकला होता. धंद्यातला माणूस, पण भर बाजारात, पाच सवाष्णींसमोर, कुंकू पुसायला हात कसा उचलणार? मुनीम कागदाचा कोपरा दुमडत होता.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि सेठाणीजींचा आवाज आला. "दे भी दो जी! बिटिया की बिदाई पे झगड़ा करते शरम नहीं आती?"

सगळा रस्ता हसला. मामा नाही हसले. सेठजी हसले, डोक्याला हात लावून, मोठ्यानं, आणि कागद त्यांनी मुनीमाच्या हातातून घेऊन चार तुकडे केले. मग बायकांनी ओटी भरली. पदर नव्हता, तो प्रश्न वहिनीनं सोडवला. पुढच्या सीटवर आपला शेला पसरला, त्यात खण-नारळ ठेवला आणि गाडीच्या कानाशी, म्हणजे भोंग्याशी, वाकून म्हणाली, "सवतीबाई, माझ्या माणसाला सांभाळून आण रोज."

निघताना मामांनी भोंगा-दिवे बसवणाऱ्या फिटरला शोधून काढलं आणि त्याची बसवणावळ स्वतःच्या खिशातून त्याच्या हातावर ठेवली. "हा माणूस आहे, म्हणून ही फी आहे," म्हणाले. बोरमाळ वहिनीच्या गळ्यातच राहिली, गाडी दसऱ्याच्या आत कचेरीसमोर उभी राहिली, आणि परवाना दादांच्या नावावर पक्का झाला. मामा मात्र चालत आले.

तेव्हापासून सेठजी मामांचे व्याही झाले ते झालेच. संक्रांतीला तिळगूळ, होळीला गुजिया. पहिल्या दिवाळीला मामा दादांना घेऊन 'दिवाळसणाला' गेले आणि एक नवी ट्यूब घेऊन आले. सेठजी म्हणत, "मेरे सगे समधी इतना नहीं लेते." पण दिवाळीच्या आधी स्वतःच निरोप पाठवत.

गाडीनं घर चालवलं. माझ्या बहिणीचं लग्न केलं, आणि मला शाळेत मास्तरकी मिळेपर्यंत मलाही पोसलं. मग लढाई सुरू झाली, पेट्रोल रेशनवर गेलं. शिवपुरीच्या फेऱ्या आधी निम्म्या झाल्या, मग बंद. गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली. दादांना गिरणीच्या वर्कशॉपात काम मिळत होतं, पण अंगावर थोडं कर्ज होतं. गाडी विकण्यावाचून इलाज नव्हता. घेणार कोण? सेठजीच. आणि त्या दिवसांत जुनी गाडी घेताना दुकानदार काय काय कापत, ते दादांनी बाजारात ऐकलं होतं. तपासणी, दलाली, रंग, जागाभाडं. शेपटं आता उलट्या बाजूनं फुटली होती.

मामा तोवर फार थकले होते. दादा त्यांना सांगायलाही गेले नाहीत. सकाळी त्यांनी साठवलेलं थोडं पेट्रोल घातलं, वहिनीनं गाडी पुसली, कुंकू लावलं, आणि आम्ही निघणार तोच मामा छत्री टेकत गल्लीतून येताना दिसले.

"कुठं निघाली?"

"सेठजींकडे," दादा पुटपुटले.

"माहेरी. आणि एकटी?" मामांनी मागचं दार उघडायचा प्रयत्न केला. त्यांना ते उघडता येईना; कधी उघडलंच नव्हतं. मी उघडलं. "लेक माहेरी जाताना सोबत लागते," म्हणाले, आणि आत शिरून, छत्री दोन गुडघ्यांत उभी धरून, देवळातल्यासारखे ताठ बसले. वळण आलं की छत्रीची मूठ घट्ट धरत.

सेठजी दुकानातून बाहेर आले. तेही पिकले होते. गाडीकडे बघून त्यांनी सवयीनं मुनीमाला हाक मारली आणि मुनीम सवयीनं कागद घेऊन आला. "टायर तो गए, बाबूजी," त्यानं सुरुवात केली. "जाँच का लगेगा, फिर रंग का, फिर..."

"सेठजी," मागच्या सीटवरून आवाज आला, "आधी एवढं सांगा. लेक माहेरी आलीय, की गिऱ्हाईक आलंय?"

सेठजींनी वाकून आत पाहिलं. "अरे, समधीजी! आप, और मोटर में?"

"तुम्ही सांगेपर्यंत उतरत नाही."

सेठजी तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि वरच्या खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. सेठाणीजी आदल्या वर्षी गेल्या होत्या. दादा स्टिअरिंगवरचे हात काढायला विसरले होते.

"कागज रख दे," सेठजी मुनीमाला म्हणाले. "अंदर से लोटा ला. बिटिया आई है."

पुढच्या दोन्ही चाकांवर त्यांनी स्वतः पाणी ओतलं. तापल्या रबरावरून थोडी वाफ निघाली. किंमत त्यांनी सांगितली ती योग्य होती. दादांचं कर्ज फिटून वर थोडं उरणारी. मामांनी गाडीतूनच मान डोलवली. "मान्य." या खेपेला 'वरचं' कुणीच विचारलं नाही.

मग मामा उतरले, आत गेले आणि सेठजींच्या खुर्चीवर बसले. मी बघतच राहिलो. सतरंजी त्यांनी आणलीच नव्हती. चहा आला, तोही प्याले, बशीत ओतून, आवाज करत. "व्याह्याच्या घरी खुर्ची चालते," माझ्याकडे न बघता म्हणाले.

परत आम्ही तिघं चालत निघालो. मी टांगा बघतो म्हटलं, पण मामा नको म्हणाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर ते थांबले आणि छत्रीवर भार देऊन सावकाश मागे वळले. गाडी दुकानासमोर उभी होती, पाठमोरी, चाकं ओली.

"काय राहिलं, मामा?"

"काही नाही रे. तिला मान नाही ना," मामा म्हणाले. "म्हणून मी वळून बघतोय."